आजचा शास्त्रभाग, आजची चिंता: रोजच्या बायबल-मननाची सुरुवात

बायबल वाचायचं ठरवलं की बहुतेक जण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू करतात. अब्राहाम, याकोब, योसेफ यांच्या गोष्टींत दिवस भराभर जातात, मोशेबरोबर तांबडा समुद्रही ओलांडून होतो. मग निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, त्यामागून लेवीयातले होमार्पणांचे नियम येतात आणि पानात घातलेली खूण तिथेच राहते. यात वाचणाऱ्याचा आळस नसतो. सुरुवातीची जागाच अवघड निवडलेली असते.

विश्वासात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहीत आहे. जे लहानपणापासून चर्चला जातात, पण घरी एकटे बायबल उघडून कधी बसलेले नाहीत, त्यांच्यासाठीही. करायचं एवढंच: रोज थोडं वाचायचं, त्यावर मनन करायचं आणि त्या एका दिवसाची चिंता देवाच्या हाती द्यायची. एका दिवसाची अट मुद्दाम घातली आहे. तिचं कारण पुढे मान्नाच्या गोष्टीत येईल.

काय वाचायचं

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तुमच्या चर्चची वाचनसूची, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता भाग वाचायचा याची यादी. कॅथलिक चर्चची सध्याची सूची 1969 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आली. तिच्यात रविवारची शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची चार पुस्तकं) तीन वर्षांच्या चक्राने फिरतात: एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. योहानाला वेगळं वर्ष नाही. तो पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) काळात आणि मार्कच्या वर्षात मधेमधे येतो. इतर दिवशी मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) एक वाचन, एक स्तोत्र आणि एक शुभवर्तमानाचा भाग असतो. बऱ्याच प्रॉटेस्टंट चर्चमध्ये 1992 साली तयार झालेली सामाईक वाचनसूची वापरतात आणि तिचंही चक्र तीन वर्षांचंच. त्याहून छोटं काही हवं असेल तर जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरेव्हियन मंडळींची (एका जुन्या प्रॉटेस्टंट पंथाची) पद्धत आहे. रोज एक जुन्या करारातलं वचन आणि त्याला जोडून एक नव्या करारातलं. त्यांचं हे छोटं वार्षिक पुस्तक 1731 पासून दरवर्षी निघत आलं आहे.

सूची हाताशी नसेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचं. रोज एक प्रसंग आणि जोडीला एक स्तोत्र. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात 66, पण नव्या करारातली 27 दोन्हीकडे तीच. म्हणजे हातात कोणतीही प्रत असली तरी सुरुवातीला काही अडत नाही.

वर्षभरात अख्खं बायबल संपवायच्या योजनाही पुष्कळ आहेत. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरी मॅकचेन यांनी 1842 साली आपल्या मंडळीसाठी आखलेली योजना आजही चालते, पण तिच्यात रोज चार अध्याय येतात. नवख्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. चार अध्याय वाचून होतात, मनन एकावरही होत नाही.

बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं समजायचं, ही सवय मात्र लावून घेऊ नका. आपल्या मनःस्थितीला जुळेल तेच वचन शोधत बसण्याचा मोहही तसाच. ठरलेला भाग वाचण्यात मोठा फायदा हा की तो आपण निवडलेला नसतो. आपण भीतीत असतो आणि समोर उपकारस्तुती येते, कधी आपण खुशीत असतो आणि समोर विलाप येतो. आपल्या मनाबाहेरचं कोणीतरी बोलतं आहे हे ऐकू यायला तिथूनच सुरुवात होते.

बसण्याआधी

वेळ रोज तीच ठेवा. पहाटच हवी असं नाही, रात्रपाळी करणाऱ्याने पहाटेचा हट्ट कशाला धरायचा? पंधरा-वीस मिनिटं पुरतात. फोनवर वाचत असाल तर आधी सूचना बंद करा, छापील प्रत असेल तर फोन दुसऱ्या खोलीत. बसल्यावर एका वाक्याची प्रार्थना: ‘प्रभू, आज तुला जे सांगायचं आहे ते मला ऐकू दे.’ लांबलचक तयारी करायला गेलं की वाचनाची वेळ तयारीतच जाते.

वाचायचं कसं

एकदा मनात वाचा, मग एकदा हळू आवाजात, स्वतःला ऐकू येईल असं. मोठ्याने वाचताना डोळ्यांना घाई करता येत नाही, आणि मनात वाचताना निसटलेला एखादा तपशील कानाला सापडतो.

वचनांच्या आकड्यांवर फार विसंबू नका. ते मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्यायांची आजची विभागणी 13व्या शतकातली, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 साली दिले. प्रसंग जिथे संपतो तिथे थांबायचं, मग आकडा कोणताही असो.

मननाची एक जुनी रीत बाराव्या शतकातल्या गुइगो नावाच्या कार्थूसियन संन्याशाने चार पायऱ्यांत मांडली आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी काही न बोलता देवाजवळ बसणं. पायऱ्या म्हटल्या तरी रोज चारही चढून झाल्याच पाहिजेत असं नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाचन, मनन आणि दोन ओळींची प्रार्थना एवढं झालं तरी पुष्कळ. नुसतं बसणं हळूहळू येतं, ते ओढून आणता येत नाही.

मनन म्हणजे डोकं रिकामं करणं नव्हे. उलट भरपूर प्रश्न विचारायचे असतात. या प्रसंगात कोण कोण आहे? कोण बोलतं, कोण गप्प आहे? देव किंवा येशू इथे नेमकं काय करतो? कुठल्या शब्दापाशी मला अडखळायला झालं? ‘मला यातून काय मिळालं’ हा प्रश्न सर्वांत शेवटी. तो पहिल्यांदा विचारला की उताऱ्यातली माणसं दिसायच्या आधीच आपण आपल्याकडे वळतो.

एक उतारा, जवळून

मार्क 4:35-41 उघडा, म्हणजे चौथा अध्याय, वचनं 35 ते 41. वादळ शमवल्याची गोष्ट. सात वचनं, आणि ऐकलेली असल्यामुळे भरकन वाचून जाण्याजोगी. ती सावकाश वाचून पाहू.

संध्याकाळ झाली आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू तारवात बसून किनाऱ्यावरच्या लोकांना दाखले सांगत होता, म्हणजे दिवस बोलण्यात गेलेला. शिष्य त्याला ‘तो होता तसाच’ तारवात घेऊन निघतात. दुसरी तारवंही बरोबर होती असं मार्क सांगून जातो. त्या तारवांचा पुढे उल्लेख नाही, पण वादळ त्यांच्यावरही आलंच असणार, आणि थांबलं तेव्हा त्यांच्यासाठीही थांबलं असणार. ज्यांनी हाक मारली नव्हती त्यांनाही. हा तपशील मोठ्याने वाचल्याशिवाय सहसा हाती लागत नाही.

लाटा आत येऊन तारू भरायला लागलं आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात आणि म्हणतात, गुरुजी, आम्ही बुडतो आहोत, तुम्हाला काळजी नाही का?

इथे थांबा. देव आपली काळजी घेतो का, हाच प्रश्न आहे हा, आणि तो नम्रपणे विचारलेला नाही. त्यात तक्रार आहे, रागही आहे. येशू त्यावर काय करतो? उठतो, वाऱ्याला धमकावतो, समुद्राला गप्प राहायला सांगतो. वारा पडतो. त्यानंतर तो शिष्यांना विचारतो, तुम्ही एवढे भित्रे कसे, तुम्हाला अजून विश्वास नाही का? म्हणजे मदत आधी आली आणि विश्वासाचा प्रश्न मागाहून.

आता मत्तय 8:23-27 काढून पाहा. तिथे क्रम उलटा आहे: आधी प्रश्न, मग वादळ शांत. म्हणून एकाच उताऱ्यातल्या क्रमावर मोठा सिद्धांत उभा करू नये. दोन्हीकडे समान काय ते पाहावं. अल्पविश्वासी माणसं हाक मारतात, आणि ती हाक विश्वास कमी आहे म्हणून परत पाठवली जात नाही. आणखी एक: मार्कमध्ये शिष्य फार घाबरले असं वारा पडल्यानंतर लिहिलं आहे. हा आहे तरी कोण, असं ते आपापसांत विचारतात. प्रसंग इथेच, या प्रश्नावर संपतो. त्याचं उत्तर त्या दिवशी आपल्यालाही मिळालं नाही तरी चालतं.

एवढं पाहायला पंधरा मिनिटं लागतात. कल्पनेने त्या प्रसंगात शिरायची रीत सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी शिकवली. ती जमत असेल तर स्वतःलाही त्या तारवात बसवा, पाणी पायाला लागेपर्यंत. जमत नसेल तर नुसते प्रश्नही पुरे आहेत. कल्पनाशक्ती कमी म्हणून मनन उणं होत नाही.

वहीतल्या तीन ओळी

वही ठेवा, पण तिची रोजनिशी करू नका. तीनच ओळी: उताऱ्यात काय दिसलं, आजची एक चिंता, आज करायची एक गोष्ट.

चिंता जितकी नेमकी लिहाल तितकं बरं. ‘घरच्यांची काळजी वाटते’ ही ओळ रोज लिहिता येते, म्हणून ती निरुपयोगी. वरच्या उताऱ्यानंतर एखाद्याच्या वहीत असं असू शकेल:

‘मार्क 4. शिष्यांनी चिडून हाक मारली, तरी ती ऐकली गेली. आईच्या तपासणीचा अहवाल आज संध्याकाळी येणार, वाईट असेल या भीतीने झोप लागली नाही. दुपारी भावाला फोन करून त्यालाही यायला सांगायचं.’

पहिल्या ओळीत उपदेश नाही, दिसलेली गोष्ट आहे. दुसरीत आज घडणारी घटना आहे. तिसरीत करता येण्याजोगं काम आहे. मग दुसरी ओळ प्रार्थनेत देवाला वाचून दाखवायची. ‘तुझी इच्छा असेल तर’ वगैरे भाषा जमली नाही तर राहू द्या, जे लिहिलं तेच सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रात (5:7) आपली सगळी चिंता देवावर टाका असं म्हटलं आहे, आणि कारण एवढंच दिलं आहे की तो तुमची काळजी घेतो. चिंता नीटनेटकी करून आणा अशी अट तिथे नाही.

आठवड्यातून एकदा मागची पानं चाळा. काही चिंता घडल्याच नाहीत असं दिसेल, काही घडल्या आणि त्यातून निभावलं, काही अजून तशाच आहेत. तिसऱ्या प्रकारच्या चिंता खोडू नका.

एका दिवसापुरतं

निर्गमाच्या 16व्या अध्यायात इस्राएल लोक रानात भुकेले आहेत आणि देव त्यांना मान्ना, म्हणजे रोज सकाळी जमिनीवर सापडणारं अन्न, देतो. माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप), रोज सकाळी गोळा करायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. काही जण ठेवतातच. सकाळी त्यात किडे पडलेले असतात आणि घाण सुटलेली असते. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, कारण सातवा विसाव्याचा, आणि ते दुप्पट मात्र नासत नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागायची ती रोजची, आणि आजच्यासाठी. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा शेवट ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ असा होतो.

देवाच्या निगेबद्दल बायबल बोलतं तेव्हा ती अशी दिवसादिवसाने मोजलेली सापडते, आणि भरवसा न बसण्याचं एक साधं कारण यात आहे. आपण पुढच्या दहा वर्षांची चिंता आज घेऊन बसतो आणि तिला पुरेल एवढा भरवसा आज मागतो. तो मिळत नाही, म्हणून आपला विश्वास खोटा असं ठरवून टाकतो. वहीत एकच चिंता, तीही आजची, ही अट त्यासाठी. पुढच्या वर्षीची चिंता मनात आलीच तर तिच्यातला आजचा भाग कोणता ते शोधा. बहुतेक वेळा तो एक फोन, एक पत्र किंवा एक बोलणं एवढाच असतो.

भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असंही कोणी समजू नये. आकाशातल्या पाखरांना देव खायला घालतो हे खरं, पण पाखरं दिवसभर दाणे वेचत हिंडतात. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांवर हल्ल्याचं सावट आहे. ते देवाची प्रार्थना करतात आणि रात्रंदिवस पहारेही बसवतात, एकाच वचनात दोन्ही. याकोबाचं पत्र तर उघड्यानागड्या, भुकेल्या भावाला ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावणाऱ्यांना चांगलंच फटकारतं. तेव्हा तिसऱ्या ओळीतलं काम अधूनमधून दुसऱ्या कोणाच्या चिंतेसाठी असावं. एखाद्याला देवाची काळजी त्या दिवशी तुमच्या हातूनच पोचायची असेल.

सुट्या वचनांपासून जपून

यिर्मया 29:11 तुम्ही कधी ना कधी वाचलं असेल. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. सुंदर वचन आहे, पण त्याच्या आधीचं दहावं वचन वाचा. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि परत यायला सत्तर वर्षं लागतील असं त्यात साफ सांगितलं आहे. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराचं हित पाहा. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. ज्याने फक्त अकरावं वचन पाठ केलं, त्याला पुढच्या महिन्यात नोकरी मिळाली नाही की फसवलं गेल्यासारखं वाटतं. दहाव्यासकट वाचणाऱ्याला तेच वचन जास्त टिकाऊ वाटतं.

कोणतंही वचन मनात घर करू लागलं की त्याच्या वरची पाच आणि खालची पाच वचनं वाचायची, ही एक सवय लावून घ्या. फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे कैदेत असलेल्या पौलाने लिहिलं आहे. हे ठाऊक असलं की ते वाक्य सुखवस्तू माणसाचा सल्ला वाटत नाही.

काहीच न बोलणारे दिवस

उतारा वाचून मन कोरडंच राहिलं, असे दिवस येतात, आणि सुरुवातीच्या उत्साहानंतर ते बरेच येतात. त्या दिवशी पहिली ओळ लिहा, ‘आज काही दिसलं नाही’ अशी का होईना, आणि उठा. वेळ वाढवून भावना पिळून काढू नका. दिवस चुकला तर मागचा भाग भरून काढायचाही नाही, आजचाच वाचायचा. थकबाकी साठत गेली की माणूस बायबलाकडे पाहायचंच टाळतो.

दुःख मोठं असेल तेव्हा मात्र ठरलेला भाग बाजूला ठेवून विलापाची स्तोत्रं उघडावीत. स्तोत्र 13 मध्ये दोनच वचनांत ‘किती वेळ’ हा प्रश्न चारदा येतो, आणि सहा वचनांच्या आत ते स्तोत्र भरवशापर्यंत पोचतं. स्तोत्र 88 पोचत नाही. ते काळोखातच संपतं. ते शास्त्रात ठेवलेलं आहे यातच मला मोठा दिलासा वाटतो: असं बोलायला मुभा आहे, आणि बोलणं देवाशीच चाललं आहे.

याच दिवसांसाठी 1 राजे 19 वाचावं. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आहे. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येतो तो बोध करायला येत नाही. त्याला शिवून उठवतो, खा म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवलेला असतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. होरेब डोंगरावर देव मंद वाणीत त्याच्याशी बोलतो, तो प्रसंग चाळीस दिवसांनी येतो. त्याआधी झोप आणि अन्न. कित्येक आठवडे झोप नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जाणं हे अविश्वासाचं लक्षण नाही, हे या अध्यायाच्या आधाराने मी ठामपणे म्हणेन.

अवघड उताऱ्यांचं काय? लढाया, शाप, वंशावळ्या. वहीत प्रश्नचिन्ह घाला आणि पाळकांना, फादरना किंवा मंडळीतल्या जाणत्या माणसाला विचारा. एखादा सोबती मिळाला आणि दोघांनी तोच भाग वाचून आठवड्यातून एकदा बोलणं ठेवलं, तर एकट्याच्या वाचनातल्या पुष्कळ आडवाटा आपोआप टळतात.

पहिले सात दिवस

सूची ठरेपर्यंत थांबायचं नसेल तर असं करा. पहिल्या दिवशी स्तोत्र 23. दुसऱ्या दिवशी मत्तय 6:25-34. तिसऱ्या दिवशी निर्गम 16:13-21, चौथ्या दिवशी मार्क 4:35-41. वर त्याचं सगळं सांगून झालं आहे, म्हणून आपल्या डोळ्यांनी काही वेगळं दिसतं का ते पाहा. पाचव्या दिवशी 1 राजे 19:1-8, सहाव्या दिवशी स्तोत्र 13. सातव्या दिवशी नवं काही वाचू नका, सहा दिवसांची वही वाचा आणि जोडीला स्तोत्र 121 म्हणा. आठव्या दिवशी मार्कचा पहिला अध्याय, पहिली आठ वचनं: योहान बाप्तिस्मा करणारा रानात उभा आहे आणि येशू अजून आलेला नाही.